खुर्च्यांखालचे पाय

आजोबा : हे सांगितलं तर कुणाचा बाप विश्वास ठेवणार नाही, म्हणून छप्पन्न वर्षं सांगितलं नाही. त्या फोटोतल्या मागच्या रांगेला कुणी हात लावला नाही. ती माणसं आपल्या पायांनी निघून गेली.

नात : फोटोतून?

आजोबा : फोटोतून नाही तर काय बसमधून?

नात : आपल्या पायांनी गेली म्हणता, पण पाय तर इथंच राहिलेत, आजोबा. हे बघा. पुढे साहेबलोक खुर्च्यांवर बसलेत आणि त्या खुर्च्यांच्या पायांमधून मागचे अनवाणी पाय दिसताहेत. मोजलेत मी. चौतीस.

आजोबा : घाईत निघाली असतील.

मावशी : दादा, बारा वाजता आमच्या घरांची सुनावणी आहे. साडेदहा झाले. मला गोष्ट नको, सही पाहिजे. कागद मोठा नाही. पुलाच्या उद्घाटनाच्या फोटोत खालच्या वस्तीतली सतरा माणसं मागे उभी होती आणि कंपनीत फोटो दुरुस्त करायला होता तुम्ही, त्यांचे चेहरे तुम्ही काढले. एवढंच लिहिलंय.

आजोबा : पण काढले नाहीत ना! गेले म्हणतोय मी. ऐक तरी. साहेब मधल्या खुर्चीत. टाळूला सुगंधी तेल चोपडलेलं. उन्हानं ते पातळ होऊन मानेवरून कॉलरमध्ये उतरत होतं. कॉलर पिवळी पडली होती, बुरशी आल्यासारखी. त्याच्या बरोबर मागे जो उभा, त्याच्या नाकात थेट तो वास. दोन दिवस त्यानं फोटोत कळ काढली. तिसऱ्या दिवशी मी निगेटिव्हची काच बाहेर काढतो तर जागा रिकामी! दुसरा त्याला बोलवायला म्हणून गेला, तोही गडप. तिसरा शिंकायला बाजूला झाला तो आलाच नाही. मग काय, रीघच लागली. दहावा तर मला बजावून गेला. म्हणाला, हे बसलेत, आम्ही उभे, फोटोत तरी किती वर्षं उभं राहायचं?

मावशी : दहावा माझा बाप. तो कुणाला असं बजावणारा नव्हता. बोलताना अडखळायचा.

आजोबा : …फोटोत नीट बोलला.

मावशी : काल कंपनीच्या वकिलानं हाच फोटो माझ्यासमोर धरला. हॉलमध्ये लावलाय त्यांनी, सोनेरी चौकटीत. खाली पितळेची पट्टी, ‘पुलाचे शिल्पकार’. म्हणाला, बाई, दाखवा, यात तुमचं कोण आहे? पूल झाल्यावर तुम्ही येऊन घुसलात. मी म्हटलं, हे पाय आमचे. तर कारकून हसला. पायांना नावं नसतात म्हणाला. आणि माझा अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला सरकवला, मेलेली पाल उचलतात तसा.

नात : शी!

मावशी : शी कशाला? सवय आहे. उद्या त्याच चिमटीनं आमची घरं उचलतील.

आजोबा : नावं आहेत का पण तुमच्याकडे? सतराच्या सतरा?

मावशी : पाठ आहेत. सोळांच्या वारसांचे अंगठेसुद्धा घेतलेत. सतरावा तेवढा राहिला. सुपकान्या.

नात : हे काय नाव?

मावशी : कान सुपासारखे होते म्हणून. दगड असा फोडायचा की लोक बघत उभे राहायचे. मुलगा एकच. शिकला, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, वरच्या लाइनीत गेला, आडनावही बदललं म्हणतात. सुपकान्या गेला तेव्हा निरोप धाडला होता. कुणी आलं नाही. शेवटी आम्हीच उचलला.

आजोबा : पंखा वाढव गं जरा.

नात : एवढ्या उकाड्यात कानटोपी घालून बसायचं आणि पंखा वाढव म्हणायचं.

आजोबा : डोक्यात वारं शिरतं माझ्या.

नात : शिरलेलंच आहे. आता माझं ऐका. छापलेल्या फोटोत काही कळत नाही, पण मूळ काच तुमच्या ट्रंकेत सापडली. तुमच्याच शर्टात गुंडाळलेली. खिडकीशी धरते, बघा. माणसं निघून गेली असती तर जागा नुसती मोकळी दिसली असती. इथं डोक्यांपासून खुर्च्यांच्या पाठीपर्यंत रेघा आहेत. ब्लेडच्या. काचेवर खरवडलं की छपाईत तिथं काळं उतरतं. मागे पुलाचा काळा दगड होताच, त्यात मिसळून गेलं. मीच काय, तुमच्या हाताखाली शिकलेला कुणीही सांगेल.

आजोबा : असेल. कंपनीत ब्लेड काय माझ्या एकट्याकडे होतं?

नात : रेघा सगळ्या डावखुऱ्याच्या आहेत. डाव्या हातानं चहाचा कप धरलाय ना, तो खाली ठेवा आणि सांगा, कंपनीत दुसरा डावखुरा कोण होता?

मावशी : दादा.

आजोबा : …कुणी नव्हता.

नात : बोला.

आजोबा : काय बोलू? साहेब माझ्या खोलीत आला. नाकाला रुमाल. फोटोला वास येतो का गं कधी? त्याला येत होता. टेबलावरचा ओला फोटो त्यानं पेन्सिलीच्या टोकानं वळवला. म्हणाला, मोठे पाहुणे येणार, अल्बम देणार आपण, आणि मागे ही घाण? साफ कर. बस, एवढंच. रागावून नव्हे हं. जेवणात केस निघाल्यावर माणूस ताट सरकवतो ना, तेवढ्या सहज.

नात : आणि तुम्ही केलंत.

आजोबा : केलं. मला वरच्या लाइनीत दोन खोल्या मिळायच्या होत्या. घरात नळ.

मावशी : त्यानं तेवढ्याकरता म्हटलं, आणि कंपनीच्या दप्तरात आम्ही नव्हतोच असं झालं.

आजोबा : त्याला कुठं माहीत होतं पुढचं? त्याला फक्त किळस आली होती.

नात : मला आता येतेय. आणि हे तुम्ही तेलाची नि शिंकेची गंमत करून सांगत होतात.

आजोबा : गंमत केली नाही तर घशाखाली कसं उतरणार? पाय राहिले, ते बरं झालं म्हण. साहेबानं खुर्च्यांखाली वाकून बघितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तिथल्या लोकांच्या पायांकडे बघायची सवयच नव्हती कुणाला.

मावशी : सही करता ना?

आजोबा : करतो. आण कागद. पण एक ओळ घाल वरती. साहेबाच्या हुकमावरून सतरा अनोळखी माणसांचे चेहरे काढले, अशी. मी त्यातल्या कुणाला ओळखत नव्हतो. हुकमाचा ताबेदार. तेवढं असू दे.

मावशी : असू दे. अनोळखी तर अनोळखी. मला वेळ नाही.

नात : थांबा, मावशी. लिहू नका.

आजोबा : आता काय?

नात : हे सोळा चेहरे बघा. चार फटक्यांत ओरबाडलेत. एकाचं तर नाक चिरून ब्लेड काचेत रुतलंय. नखानं खपली काढावी तसं केलंय. आणि हा शेवटचा, सतरावा. केसाएवढ्या बारीक रेघा. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकीला लागून एक. याला अख्खा दिवस लागला असेल.

आजोबा : हात बसला असेल तोवर.

नात : हात बसला की वेग वाढतो, कमी होत नाही. आणि एवढं करून कान ठेवलाय.

मावशी : कुठं? दाखव.

नात : हा. दगडात चिकटल्यासारखा दिसतो. छपाईत पुलाच्या भिंतीवरचा डाग वाटतो, म्हणून छप्पन्न वर्षं कुणी विचारलं नाही.

आजोबा : तो… त्याचं असं झालं. तो माणूस सगळ्यात शेवटी निघाला. जाताना म्हणाला, मी जातो, कान ठेवून जातो. साहेबलोक मागाहून काय बोलतात ते ऐकायला. मी म्हटलं, बाबा रे, असं अर्धवट…

नात : बाबा रे?

आजोबा : म्हणायची पद्धत असते.

नात : शाळेत मला कानांवरून चिडवायचे. मी रडत आले की तुम्ही म्हणायचात, आजीच्या माहेरचे कान आहेत, मोठ्या घराण्याची खूण. आजीच्या माहेरच्या एकूण एक माणसाचे फोटो मी स्वतः स्कॅन केलेत, आजोबा. एकाचेही कान असे नाहीत.

आजोबा : पोरी, बारा वाजतील.

नात : अनोळखी नव्हता तो. तुम्ही तुमच्या बापाला खरवडलंत. आणि कान तेवढा ठेवलात, कारण तो तुमच्याकडेही आहे. कानटोपी काढा.

(आजोबा कानटोपी काढतात.)

मावशी : …सतराव्या नावापुढे मी ‘वारस नाही’ असं लिहिलंय. खोडू का?