कडक इस्त्रीचा पाहुणचार

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. हेमचंद्र टिपणीससाहेब, प्रमुख पाहुणे डॉक्टर चंद्रशेखर बर्वे, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आपली नीलिमाताई सुखटणकर, तिचे यजमान निशिकांतराव, मंडळाचे सर्व पदाधिकारी, समोर बसलेल्या माता-भगिनी आणि बंधूंनो, आणि मागच्या टेबलावर चहाची तयारी करणाऱ्या मंडळींनो! कोणाचं नाव राहिलं का? राहिलं असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही.

पहिल्यांदा माफी मागतो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हॉलमध्ये नव्हतो. माझ्यामुळे क्रम बदलावा लागला, बर्वेसाहेबांना आधी बोलावं लागलं. उशिराला कारण आहे आणि ते फार चांगलं आहे. पण ते शेवटी सांगतो, कारण आत्ता सांगितलं तर पुढचं काही मला बोलता यायचं नाही. आज मला सकाळपासून असं झालंय की पाय जमिनीवर ठरत नाहीत.

हा माईक चालू आहे ना? बरं. आणि टिपणीससाहेब, ती घंटा जरा लांब ठेवा. ती वाजली की माझ्या छातीत धडधडतं.

मला ओळखत नसाल त्यांच्यासाठी सांगतो. मी मनोहर रेडकर. शिक्षण सातवी. डोंबिवलीला माझी लॉन्ड्री होती. जन्मभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले. बायको गेल्यावर मुलाने, रुचिरने, मला इकडे आणलं. तो इथल्या बँकेत हिशेबाच्या कामावर होता आणि इथला नागरिकही झाला होता. बुकित बातोकला आमचा फ्लॅट आहे. तो, सूनबाई अनुया आणि मी. माझ्यासारख्या माणसाला या हॉलमध्ये बोलायला कोणी बोलावेल का? नाही. मीच हट्ट धरला. नीलिमाताई म्हणाली, "काका, बोला, पण माझं कौतुक करायचं नाही." मी शब्द दिला. म्हणून मी कौतुक करणार नाही, फक्त घडलं ते सांगणार आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठच्या शेवटी, परदेशातल्या मोठमोठ्या बँका कोसळल्या, त्यात रुचिरची नोकरी गेली. तुमच्यातल्याही काहींची गेली, मला माहीत आहे. तुम्ही दुसऱ्या शोधल्यात. रुचिरनेही शोधली. मग शोधता शोधता तो थांबला. फोन वाजला की दचकायचा. आमचं घर नवव्या मजल्यावर, पण हा लिफ्टने जाईना. जिन्याने उतरायचा, जिन्याने चढायचा. का? तर लिफ्टमध्ये आपल्यापैकी कोणीतरी भेटतं आणि विचारतं, "काय रुचिर, हल्ली कुठे असतोस?" तुम्ही प्रेमानेच विचारत होता हो! पण त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याने जिनाही सोडला.

एके दिवशी त्याच्या छातीत दुखायला लागलं, श्वास लागेना. अनुयाने आणि मी त्याला नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, याला डिप्रेशन आहे, सोबत अँग्झायटी आहे. मी डॉक्टरांशी भांडलो! म्हटलं, "बँकेतल्या माणसाला हे कसं होईल? तो लहानपणापासून पहिल्या नंबरात येणारा!" आणि घरी आल्यावर सगळ्यांना काय सांगितलं? पित्त झालंय. आठवतं ना? टिपणीसवहिनींनी मोरावळा पाठवला, कोणी कोकम पाठवलं, कोणी आवळासुपारी. वहिनी, आज खरं सांगतो, तो मोरावळा सगळा मी खाल्ला. फार छान झाला होता.

हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

त्या हॉस्पिटलात नीलिमाताई सिस्टर होती. मी कॉरिडॉरमध्ये मोठमोठ्याने मराठीत बडबडत होतो, ते ऐकून ही आली. म्हणाली, "काका, आवाज खाली. इथे सगळ्यांचीच मुलं आजारी आहेत." तिथून आमची ओळख.

पुढे तीच म्हणाली की या देशात नोकरी गेली म्हणून घरबसल्या भत्ता मिळत नाही. पण आजारपणामुळे ज्याला काम शोधताही येत नाही, त्याच्या घराला काही महिने सरकारी मदत मिळू शकते, आणि तो बरा होत आला की काम शोधायलाही हात देतात. अर्ज करा. रुचिर भिंतीकडे बघून म्हणाला, "म्हणजे आता भीक." आणि खरं सांगू का? माझ्याही मनात तेच आलं होतं. पण अनुया म्हणाली, "औषधं संपत आली आहेत, बाबा." अर्ज गेला.

कार्यालयातून निरोप आला की मिस तान नावाच्या बाई घर बघायला येणार आहेत.

आता मला सांगा, आपल्या घरी कोणी बघायला येणार म्हटल्यावर आपण काय करतो? सोफ्यावर कपड्यांचा ढीग ठेवतो का? पाहुण्यापुढे रिकामा डबा उघडून दाखवतो का? मी पडदे काढून धुतले आणि इस्त्री केले. अनुया म्हणाली, "बाबा, इतकं नको." मी म्हटलं, "तू शिरा कर, काजू जास्त घाल." मग लक्षात आलं, आमचा टीव्ही विकल्यामुळे भिंत ओकीबोकी दिसतेय. मी दोन मजले खाली टिपणीससाहेबांकडे गेलो. सांगितलं, रुचिरसाठी ऑफिसातल्या बाई येतायत. साहेबांना वाटलं नोकरीचं आहे. म्हणाले, "रेडकर, इम्प्रेशन महत्त्वाचं! माझा घेऊन जा!" तो केवढा मोठा चपटा टीव्ही, साहेबांनी आणि मी रजईत गुंडाळून लिफ्टने वर आणला. वहिनींनी काचेचा सेट दिला. अध्यक्षमहाराज, आता असं कपाळाला हात लावू नका. तुमचं मन मोठं होतं. टीव्हीही मोठा होता, तिथेच घोटाळा झाला.

आणि रुचिर. कित्येक दिवस दाढी नाही, कपडे बदलणं नाही. मी त्याच्या मागे लागून लागून त्याला आंघोळ घातली म्हणा ना. पांढरा शर्ट काढला आणि अशी कडक इस्त्री मारली की कॉलरने कागद कापावा. वर टाय. तो म्हणत होता, "बाबा, नको. बाबा, माझे हात कापतायत." मी म्हटलं, "हात मांडीखाली ठेव."

मिस तान आल्या. पंचविशीची पोर, गळ्यात कार्ड. त्या शिऱ्याला हातही लावेनात. कामावर असताना कोणाकडचं खाणं त्यांना म्हणे चालत नाही. त्या रुचिरला इंग्रजीत विचारायच्या आणि उत्तर मी द्यायचो. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे.

"रात्री झोप लागते?"

"स्लीप लाइक किंग!"

"बाहेर जातो का? एमआरटी ट्रेनने प्रवास करतो?"

"एव्हरी डे! नो प्रॉब्लेम!"

"आणि घरात सगळं कसं चाललंय, अंकल?"

"व्हेरी फाइन. गॉड इज ग्रेट. एव्हरीथिंग फर्स्ट क्लास."

त्या पोरीने इस्त्री केलेल्या पडद्यांकडे बघितलं, त्या टीव्हीकडे बघितलं, टायकडे बघितलं आणि म्हणाली, "देन व्हाय यू अप्लाय, अंकल?"

मी शिऱ्याची बशी पुढे केली. "ईट, ईट."

अर्ज नामंजूर झाला. झाला तर त्यात त्यांचा काय दोष? मी त्यांच्या जागी असतो तर असल्या घराकडून उलट वर्गणी मागितली असती.

पण मंडळी, गंमत इथे संपते. त्या संध्याकाळी रुचिरने टाय काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बघा बाबा. सरकारनेसुद्धा बघून सांगितलं. मी आजारी नाहीच. म्हणजे मी नुसता आळशी आहे." आणि त्याने गोळ्या बंद केल्या. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. अनुया दाराला टेकून बसून राहिली. मी स्वयंपाकघरात उभा. हातात तो टाय. बायको गेली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. ती जाणार हे सहा महिने ठाऊक होतं. पण इथे माझा मुलगा दाराच्या पलीकडे होता आणि तो आहे की नाही, हे मला दर पाच मिनिटांनी हाक मारून बघावं लागत होतं.

अनुयाने नीलिमाताईला फोन केला. ही ड्यूटी संपवून तशीच युनिफॉर्मवर आली. आधी रुचिरच्या दाराशी जमिनीवर बसून त्याच्याशी बोलली. काय बोलली ते मला अजून माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण दार उघडलं, आणि सकाळी त्याला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मग ही माझ्याकडे आली. मला वाटलं आता रागावणार. हिने मला विचारलं, "काका, लॉन्ड्रीत गिऱ्हाईक कोट घेऊन आलं की तुम्ही काय करायचा?"

म्हटलं, "आधी उजेडात धरून डाग बघायचो. कशाचा आहे ते विचारायचो."

"आणि एखाद्याने डाग झाकून, घडी घालून कोट दिला तर?"

"तर तो तसाच राहायचा. वरून इस्त्री बसली की डाग पक्का होतो, मग तो जन्मात निघत नाही." आणि हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि मी खाली बसलो.

ती एवढंच म्हणाली, "मग?"

हिने डॉक्टरांचं लेखी म्हणणं मिळवून दिलं, पुन्हा बघायला या म्हणून अनुयाकडून अर्ज करवला. मला एकच अट घातली, "या वेळी तुम्ही तोंड उघडायचं नाही." टिपणीससाहेब, तुम्ही मला ओळखता. मला गप्प बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला आत्ताही कळतंय. मी तोंडात सुपारी धरून बसलो.

मिस तान पुन्हा आल्या, तेव्हा नीलिमाताईही आमच्याकडे येऊन बसली होती. भिंत ओकीबोकी होती. पडदे जसे होते तसे. रुचिर चुरगळलेल्या टी-शर्टात, दाढी वाढलेली. मिस तानने विचारलं, "हाऊ आर यू, मिस्टर रेडकर?" आणि तो नुसता फरशीकडे बघायला लागला. माझ्या जिभेवर 'व्हेरी फाइन' आलं होतं हो, अगदी दातांपर्यंत आलं होतं. नीलिमाताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गिळलं. सुपारीसकट गिळलं.

मग रुचिर बोलला. इंग्रजीत बोलला, पण मला सगळं कळलं. म्हणाला, "माझे वडील मला सांगतात, चांगला दिस. मी चांगला दिसण्याचा प्रयत्न करतो. त्यातच माझा सगळा दिवस संपतो. बाकी कशाला जोर उरत नाही." आणि मग फोनचं, लिफ्टचं, झोपेचं, सगळं सांगितलं. ज्या घरात मी रात्रंदिवस होतो, त्या घरातलं हे मला पहिल्यांदा कळत होतं.

मिस तानने लिहिणं थांबवलं. इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाल्या, "ओके लाह. थँक यू फॉर टेलिंग मी." त्या दिवशी मी त्यांना फक्त पाणी दिलं. ते मात्र त्या सगळं प्यायल्या.

मदत मिळाली. फार मोठी नाही, पण औषधं आली, विजेचं बिल भरलं गेलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर महिन्याला कोणीतरी फोन करून विचारायचं, कसा आहेस? आणि त्याने खरं सांगितलं तरी चालायचं. माझ्या मुलाला 'ठीक नाही' म्हणायची जागा मिळाली. ती जागा त्याच्या बापाच्या घरात नव्हती. असो. आता आहे.

आणि आता ऐका! येत्या सोमवारपासून रुचिर कामाला लागतोय! बुकित बातोकलाच, नळ आणि पाइप विकणाऱ्यांच्या गोदामात हिशेब बघायचे आहेत. अर्धाच दिवस. बँक नाही, टाय नाही. टाळ्या वाजवा हो, टाळ्या वाजवा! पण जरा हळू.

हळू का म्हणतो ते सांगतो. हे सगळं इथे बोलायच्या आधी मी त्याला विचारलं. म्हटलं, सांगू का? तो म्हणाला, "सांगा. पण बाबा, पित्त म्हणू नका. टेन्शन म्हणू नका. आजाराचं नाव घेऊन सांगा." म्हणून घेतलं.

आणि मघाशी मी निघत होतो, पायात चप्पल घातली होती, तर तो खोलीतून शर्ट घेऊन बाहेर आला. म्हणाला, "बाबा, एवढा इस्त्री करून द्या." मी विचारलं, "का रे, कोणी येणार आहे?" तो म्हणाला, "कोणी नाही. मला घालायचा आहे. मीही येतो." मंडळी, त्या शर्टावर मी पन्नास वर्षांच्या धंद्यात केली नसेल अशी इस्त्री केली. कॉलर तर तीनदा केली. त्यामुळे उशीर झाला. आता माफ कराल ना?

आम्ही नवव्या मजल्यावरून लिफ्टने उतरलो. लिफ्टमध्ये माणसं होती. जुरोंग ईस्टपर्यंत ट्रेनने आलो. इथल्या दारापाशी आल्यावर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. जमलं तर येतो." मी बोलायला उभा राहिल्यापासून त्या दाराकडेच बघतोय. तुम्हाला वाटलं असेल म्हातारा घाबरून इकडेतिकडे बघतोय.

तो आत आलाय. चहाच्या टेबलाजवळ अनुयाच्या शेजारी उभा आहे.

अहो, नका! कोणी मागे वळून बघू नका! सगळे एकदम वळलात तर तो जिन्याने पळेल. तू सुद्धा नको, नीलिमाताई, पुढे बघ. नंतर चहाला गेलात की त्याला 'हल्ली कुठे असतोस' असं विचारू नका. 'चहा घेतलास का' असं विचारा. तेवढं पुरे.

मी कौतुक करणार नव्हतो, तो शब्द मी पाळला आहे असं मला वाटतं. मंडळाने मला उभं केलं, टिपणीससाहेबांनी घंटा वाजवली नाही, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, मोठ्यांचा अवमान झाला असेल, तर अडाणी माणूस म्हणून पोटात घाला.

नीलिमाताई, तुम्ही दोघं परवा पुण्याला कायमची निघालात. तिथे पोहोचलीस की लगेच कळव. मला काळजी लागून राहील, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण एक सांगून ठेवतो. 'आम्ही सुखरूप, सगळं छान' एवढंच कळवशील तर मी मानणार नाही. गुडघा दुखत असेल तर दुखतो म्हण. करमत नसेल तर करमत नाही म्हण. डाग असेल तो डागासकट कळव, आणि लवकर कळव. आम्ही वाट बघतोय.