कालव्याचा उपयोग

दवाखान्यात माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याची चुळबूळ काही थांबेना. सगळा बाक हलवला मेल्यानं. शेवटी त्याची बायकोच बोलली.

"अहो, स्वस्थ बसा की!"

"जिथं स्वस्थ बसायचो, तो कालवाच बुजवून रस्ता केला ना."

"बुजवण्याआधी सरकारी लोक घरी विचारायला आले होते, तेव्हा काय सांगितलंत?"

"कालव्याचा काय उपयोग करता, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही."

"रोज संध्याकाळी तिथंच तर असायचात!"

"नुसता बगळे बघत. सुनेसमोर कसं सांगणार? आणि तू?"

"मीपण नाहीच म्हणाले. पाण्यात पाय सोडून बसते म्हटलं असतं, तर हसले असते."

मला राहवेना.

"भाऊ, खरं बोलला असतात तर सुनेनं खाल्लं असतं का? बसा आता मोटारी मोजत!"