गप्प बसलेलं प्लगइन

हिल्का: म्हणजे तीन आठवडे ते एक अक्षर बोललं नाही, आणि तू मला आज सांगतोयस?

औलिस: आज विचारलंस म्हणून.

हिल्का: अरे, तुला स्क्रीन दिसत नाही. प्रोग्राम लिहिताना चुकलास की माझ्या आवाजात कानात ‘औलिस, इथे चुकलं’ म्हणायचं, एवढ्यासाठी मी ते प्लगइन बनवलं. गप्प झालं तेव्हा काय वाटलं तुला?

औलिस: मी सुधारलो, असं वाटलं.

हिल्का: एकदम?

औलिस: पहिल्या दिवशी मलाही नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सवय झाली.

हिल्का: धन्य आहे. यायचं होतंस ना सांगायला.

औलिस: काय सांगायचं? शांत होतं, बरं होतं. तुम्ही साव्हो भागातली माणसं, घर शांत झालं की डॉक्टरला बोलावता. आम्हा ओउलूकरांचं तसं नाही.

हिल्का: टोमणे पुरे. तू प्रोग्राम लिहितोस तो एडिटर कुठल्या व्हर्जनचा?

औलिस: पंधरा. तीन आठवड्यांपूर्वी अपडेट करू का म्हणाला, मी हो म्हटलं.

हिल्का: माझ्याकडे तर रोज प्लगइनच्या सगळ्या चाचण्या पास होतायत. चाचणीसाठी माझं मशीन एडिटरची वेगळी कोरी प्रत उघडतं. कुठलं व्हर्जन उघडायचं ते फाइलीत लिहिलेलं असतं. थांब, बघते. ...चौदा.

औलिस: तू चौदावर तपासतेस, मी पंधरावर लिहितो. छान. पण न जुळणारं प्लगइन एडिटर दारातूनच परत पाठवतो ना?

हिल्का: ‘चौदापर्यंतच चालेल’ अशी ओळ असली तर. नसली तर आत घेतो, मग ते मुकं बसलं तरी. ती ओळ मी काढली.

औलिस: का?

हिल्का: दर अपडेटला तू ‘चालत नाही’ म्हणत येशील म्हणून.

औलिस: मी आलो असतो?

हिल्का: नसतास. हे आत्ता कळलं.

औलिस: हिल्का, आणखी एक. माझं काम तपासायला मार्केट्टा बसायची ना, तिला मी सोमवारी नको म्हटलं. साहेबांना सांगितलं, आता मला कुणी लागत नाही. त्यांनी उठून हात मिळवला. काम उद्या ग्राहकाकडे जाणार.

हिल्का: उद्या? सरक. ती खुर्ची दे इकडे.

(जेवणाची वेळ टळून गेली आहे.)

हिल्का: आता पंधरावर पास. हेडफोन लाव. बोलतंय?

औलिस: थांबतच नाहीये.

हिल्का: किती चुका?

औलिस: चाळीसपर्यंत मोजल्या. तुझा आवाज जरा दमलेला वाटतोय.

हिल्का: मार्केट्टाला बोलाव, संध्याकाळपर्यंत उरकू. साहेबांना मी सांगते. ओळ मी काढली होती.

औलिस: नको. सुधारलो असं मी म्हणालो होतो. मीच जातो.

हिल्का: बरं. प्लगइनची फाइल उघडीच आहे. आणखी काही घालू?

औलिस: रोज सकाळी एकदा, चूक नसली तरी, बोलायला लाव.

हिल्का: काय बोलू?

औलिस: काहीही. तू तिथे आहेस, एवढं कळलं की पुरे.