सहा ठिगळं, सहा बूट

...आणि वर मलाच विचारतात हो! मलाच! "मर्व्ह, लेका, तुला साधं पंक्चर काढता येत नाही?" अरे, येत नाही? मला? पन्नास वर्षं ट्रॅक्टरचे टायर काढले मी, माझ्या छातीपर्यंत येणारे, भर उन्हात, नाकातोंडात माशा जात असताना... आणि हे काय होतं? सायकलचं! पुढच्या चाकाचं! नुसतं पंक्चर होतं हो!

नाही, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, कारण गावात जी गोष्ट फिरतेय ना, ती सगळी नॉर्मनं फिरवलेली आहे, आणि नॉर्म म्हणजे... येईलच तो. न बोलावता येतो. गोष्टीतसुद्धा.

तर झालं काय, मार्चमध्ये डॉक्टरनं माझं गाडीचं लायसन काढून घेतलं. डोळे! म्हणजे आंधळा नाही हं मी, कडेचं सगळं दिसतं, मधलं तेवढं दिसत नाही. घर दिसतं, दार दिसत नाही. नॉर्म दिसतो, नॉर्मचं तोंड दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गाडी बंद! आणि आमचं घर कुठे? गव्हाच्या कोठारांच्याही पलीकडे, बेकरीपासून चार किलोमीटर. मग मी काय रडत बसलो? शेडमधून सायकल काढली, तेल घातलं, आणि पाव आणायला, टपाल आणायला, क्लबात जायला, सगळीकडे सायकल. मस्त चाललं होतं. पण आमची लिअॅन! माझी मुलगी, पर्थला असते, तीन तासांवर, रोज संध्याकाळी फोन. "बाबा, जेवलात का? बाबा, गॅस बंद केलात का? बाबा, तुम्ही आता एकटे राहायचं नाही. इथे माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी इतकी गोड छोटी छोटी घरं बांधलीत, मी फॉर्म आणून ठेवलाय." गोड! घर काय खायचंय मला? ज्या घरात जन्म काढला, जिथे अंधारातसुद्धा मला प्रत्येक बटण सापडतं, ते सोडून मी त्या खुराड्यात जाऊ, जिथे खिडकीतून दुसऱ्या म्हाताऱ्याची खिडकी दिसते? खरं सांगतो, त्या फॉर्मच्या विचारानं माझी झोप उडाली होती.

शेवटी कडाक्याचं भांडण झालं आणि ती म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही म्हणता ना, माझं मी सगळं करतो? येत्या शुक्रवारी बरोबर बारा वाजता मी बेकरीसमोर उभी असेन. कुणाची मदत न घेता, सायकलवरून आलात, तर विषय संपला. नाही आलात, तर तिथेच फॉर्मवर सही करायची."

मी म्हटलं, "पेन आणू नकोस."

आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता शेडमध्ये जाऊन बघतो... चाक बसलेलं! चपटं! जमिनीला चिकटलेलं! हात फिरवला तर टायरमध्ये काय? डबलजी! सराटा हो, आमच्याकडचा सराटा, पण तीन टोकांचा. मेला कसाही पडला तरी दोन टोकांवर बसतो आणि तिसरं वर करून वाट बघतो. नोव्हेंबरात, आमचा उन्हाळा लागला की, वाळून असा कडक होतो की बुटाच्या तळात घुसतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो. म्हणून तर आमच्याकडे कुणीही कुणाच्या घरी गेलं की आधी दारातल्या चटईवर बूट घासायचे, मग काढून ठेवायचे, आणि मोज्यांवर आत जायचं. लाटसाहेब आला तरी मोज्यांवर! ही आमच्या गावची सभ्यता. ही सभ्यता लक्षात ठेवा, हिनंच माझा घात केला.

पण मी घाबरलो का? छे! आठच वाजलेत, बाराला पोचायचंय, नुसतं पंक्चर आहे. व्हरांड्यात दारातली मऊ चटई, सावली, तिथे बसलो. चमच्यांनी टायर सोडवला, ट्यूब बाहेर काढली, पंप मारून फुगवली. आता भोक बघणार कसं? डोळे नाहीत ना! मग गाल! ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवायची, कुठे गार वारा लागतो... लागला! मिळालं भोक! पॉलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावलं, आणि आता पाच मिनिटं वाळायला ठेवायचं. एवढंच. मी आणि पाच मिनिटं. आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

नॉर्म! आयुष्यभर नगरपालिकेचा रस्ता सपाट करायचं यंत्र चालवलं, आता लोकांचं डोकं सपाट करतो. "काय रे मर्व्ह, पंक्चर?" नाही, सापाला मालिश करतोय! पण सभ्य माणूस हो, आधी चटईवर बूट घासले, खर्रर्र, खर्रर्र, मग काढून शेजारी ठेवले, आणि बसला माझ्या मानेवर. "सोल्युशन जास्त झालं. अजून वाळू दे. नाही नाही, आता जास्त वाळलं." मी म्हटलं, "नॉर्म, हात लावायचा नाही, मदत चालत नाही." तर म्हणतो, "मदत कोण करतंय? मी सांगतोय फक्त." मी ठिगळ ठेवलं आणि चटईवर ट्यूब ठेवून अंगठ्यानं असं दाबलं, असं दाबलं, सगळा नॉर्मवरचा राग त्या ठिगळावर काढला. पंप मारला. फुगली! दहा मिनिटांनी बसली.

गाल लावला तर ठिगळ शाबूत, बरोबर त्याच्या पाठीमागे नवीन भोक! आता हे कुठून आलं? नॉर्म म्हणाला, "तेव्हा सापडलं नसेल तुला. डोळे, मर्व्ह, डोळे." पित्त खवळलं माझं. दुसरं ठिगळ. आणखी जोर लावून दाबलं. फुगवली. बसली! त्याच्या पाठीमागे तिसरं भोक! अहो, नुसतं पंक्चर होतं!

तोवर नॉर्मनं काय केलं, तर आत जाऊन फोन केला. कुणाला? ग्लेनिसला! ग्लेनिस म्हणजे चर्चची फुलं, मयताचे सँडविच, शाळेचा बाजार, सगळ्यांच्या पाळ्या लावणारी बाई. देवाचीसुद्धा पाळी लावली असती, पण तो फोन उचलत नाही. ती आली लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन. खर्रर्र, खर्रर्र, बूट काढले. "अगंबाई, मर्व्ह, घामानं भिजलास की रे! हे घे, खा आधी. आणि मी डेसला सांगितलंय, तो मेंढ्या कातरायचा ना, त्याचे हात फार हलके आहेत." मी म्हटलं, "ग्लेनिस, मेंढी नाहीये ही!" तर म्हणते, "चिडू नकोस, तुझं ब्लडप्रेशर." आणि डेस आला. वाकलेला, पाठ गेलेली, पण बूट घासायला विसरला नाही मेला. खर्रर्र, खर्रर्र! आल्या आल्या म्हणतो, "दाबत नाहीस तू पुरेसं. गुडघा लाव." मी चौथं ठिगळ गुडघ्यानं दाबलं. बसली. पाचवं? पाचव्यावर मी अक्षरशः चढलो हो, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे टेकून, सगळं वजन घालून... आणि ओरडलो! असा ओरडलो की कोठारावरचे पोपट उडाले!

गुडघ्यात डबलजी!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चटईवरून हात फिरवला, आणि काय सांगू तुम्हाला, इथे काटा, तिथे काटा, चटई कुठे होती ती, काट्यांचं शेत होतं! हे तिघे सभ्य लोक आपापल्या बुटांतले सराटे माझ्या चटईवर झाडत होते, आणि मी त्याच चटईवर ट्यूब ठेवून वरून ठिगळ दाबत होतो आणि खालून भोक पाडत होतो! जितकं छान दाबावं तितकं छान भोक! मी आरडाओरडा केला, "तुमच्या सभ्यतेला आग लागो, घाणेरडे बूट घालून सरळ आत का येत नाही रे तुम्ही!" तर ग्लेनिस दुखावली. "तुझ्या जोननंच शिकवलं होतं आम्हाला," म्हणाली. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली, अजून भांडणात तीच जिंकते.

घड्याळ बघायला सांगितलं. बारा वाजून पाच मिनिटं.

शेवटचं ठिगळ उरलं होतं. ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो, टेबल धुतलं, पुसलं, आणि त्यावर ट्यूब ठेवून मुकाट्यानं ते सहावं लावलं. नॉर्मसुद्धा बोलला नाही, म्हणजे बघा किती वाईट प्रसंग असेल. आणि ट्यूब टिकली! फुगलेली राहिली! पण आता काय उपयोग, बाहेर गाडी येऊन थांबली होती. दार आपटलं. धावत येणारी पावलं. आणि मग... पावलं थांबली. व्हरांड्यात.

लिअॅन आत आली ती बुटांसकट आली. रडत होती हो. मी तयारच होतो, म्हटलं, "दे, कुठाय फॉर्म, करतो ती सही." तर ती म्हणाली, "बाबा, मला वाटलं तुम्ही पडलात. बेकरीपासून इथपर्यंत मला एकच दिसत होतं, तुम्ही न्हाणीघरात पडलाय आणि कुणाला पत्ता नाही."

आता मला कसं कळणार? मला वाटलं पैज सायकलची आहे. पोरगी इतके महिने घाबरून होती, आणि मी तिच्याशी पावाबद्दल भांडत होतो. लाज वाटली मला, सरळ सांगतो.

मग तिनं बोट केलं दाराकडे. "हे सहा बूट कुणाचे?" तर हे तिघे मोज्यांवर ओळीत उभे, वर्गाबाहेर काढल्यासारखे. नॉर्म म्हणाला, "आम्ही मदत नाही केली हं, लिअॅन. अजिबात नाही." मी म्हटलं, "ते मात्र शंभर टक्के खरं आहे!" आणि पोरगी हसली. डोळे पुसत पुसत हसली. "एका पंक्चरला तीन माणसं," म्हणाली, "मग पडलात तर तीस येतील." आणि पर्समधून फॉर्म काढला. मी म्हटलं, आता फाडते! फाडला नाही. उलटा केला. कोरी बाजू वर करून ग्लेनिसच्या हातात दिला, आणि ग्लेनिसनं पेन काढलं... आणि पाळ्या लावल्या! सकाळी नॉर्म, दुपारी ग्लेनिस, संध्याकाळी डेस!

तर मंडळी, जिंकलो मी. घर राहिलं माझं. एकट्यानं राहायचं होतं ना मला? राहतोय! सकाळी जरा संडासात निवांत जावं, तर पाच मिनिटं होत नाहीत तोच दारावर थाप, "मर्व्ह! ए मर्व्ह! पडलास का रे?"

नाही रे बाबा... बसलोय!