भट्टी पेटवायची वेळ

—नको, तो पेढ्यांचा डबा इथे ठेवूच नकोस, गार्गी. आणि हे मॅडम-मॅडमही पुरे. सहा वर्षं माझ्या हाताखाली काम केलंस, वुडलँड्सच्या याच फ्लॅटवर बसून माझ्या हातचं जेवलीस, आणि आज पाया लेबारच्या हॉलमध्ये तुझं भाषण म्हणून मलाच आमंत्रण? कशावर भाषण? तर ‘कायोर’वर! ज्यूंच्या यिडिश भाषेतला पहाटेचा शब्द. वाचलाय मी तुझा निबंध, अथपासून इतिपर्यंत. हिब्रूत ‘ओर’ म्हणजे उजेड, त्यावरून हा आला असं काहीजण म्हणतात — आणि तू ते खोडतेस. कशाच्या जोरावर? तर म्हणे एक बेकरीवाली मिट्ट काळोखात भट्टी पेटवायची, आणि त्या वेळेला कायोर म्हणायची. काळोखाला कोण उजेडाचं नाव देईल? वा! आणि खाली काय — ‘लेखिकेला मिळालेली माहिती’. कुठे मिळाली गं? माझ्या लेखात ना, आठ वर्षांपूर्वीच्या? सरला गजभिये एवढं लिहायला हात मोडले होते तुझे?

काय? माझ्याही लेखात नाव नाही? कुणाचं — हो, नाहीये! ‘एका वृद्ध भाषिकेने सांगितले’, असंच लिहितात आमच्यात, रीत आहे ती. मिसेस फेल्डमन नाव तिचं. झालं समाधान? दर मंगळवारी जायचे मी तिच्याकडे, रेकॉर्डर घेऊन. तिच्याशी यिडिश बोलणारं या अख्ख्या बेटावर कुणी उरलं नव्हतं, म्हणून माझी वाट बघायची. भट्टीवाली म्हणजे तिची आई. रिव्का. एकच मागणं होतं म्हातारीचं — आईचं नाव छापून येऊ दे. लिहिलं होतं मी, खोटं नाही सांगत, आधी होतं. मग वाटलं, लोक म्हणतील ही नुसतं ऐकून उतरवते, हिचं स्वतःचं डोकं कुठाय यात? काढून टाकलं. अंक आला तोवर तिचे डोळे गेले होते. विचारलं, आहे ना? म्हटलं, आहे की. तर म्हणे, कुठे — माझं बोट ठेव त्याच्यावर. ठेवलं. कशावर ठेवणार होते मी? माझ्याच नावावर ठेवलं. तीनदा बोट फिरवलं तिनं, आणि वाकून मुका घेतला त्याचा —

बघतेस काय अशी? ऊठ. जा म्हणते ना. दार ओढून घे.