चौदा नंबरमधली पंचेचाळीस मिनिटे

थॉर्नबेक पोलीस ठाणे, वेस्ट यॉर्कशायर
दिनांक ९ मे २०१९, सकाळी १०.४०

नाव : म्यूरियल हेबलथ्वेट. वय : ७८ वर्षे. व्यवसाय : निवृत्त, पूर्वी प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. राहणार : घर नं. १५, हेदरली कोर्ट, मिल लेन, थॉर्नबेक.

मी आज आपणहून ठाण्यात आले असून, विचारले त्याप्रमाणे माझ्या माहितीतले खरे सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर सहा वर्षांपासून एकटी राहते. मला मूलबाळ नाही. हेदरली कोर्ट हा वृद्धाश्रम नाही. तिथे चाळीस घरे आहेत, प्रत्येकाला स्वतःचे दार आणि स्वतःची किल्ली आहे, आणि आंघोळ, कपडे, औषध यांसाठी खाली दिवसरात्र मदतनीस असतात. कोणाला किती वेळ मदत द्यायची हे कागदावर ठरलेले असते. माझ्या दोन्ही हातांची बोटे सांधेदुखीने वाकली आहेत आणि कंबरेचे हाड एकदा मोडले आहे, म्हणून मला सकाळी अर्धा तास मंजूर आहे.

माझ्या समोरच्या १४ नंबरमध्ये श्रीमती आयव्ही सग्डेन, वय ८४, राहत असे. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही बावीस वर्षे एकत्र होतो. मी तिथे लागले तेव्हा मला काही येत नव्हते, ती मला शिकवायची. मुलांना वाढताना ती ज्याला नको असेल त्याच्याच ताटात जास्त कोबी घालायची आणि म्हणायची, "खा, नाहीतर म्यूरियल खाईल, बघ किती वाढलीय." तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणे जवळजवळ गेले. तिला सगळे समजते. शब्द मात्र एखाददुसराच येतो, आणि तोही वेळ लागून.

तिचा मुलगा क्लाइव्ह दूर दक्षिणेला, प्लिमथला असतो. तो तिला तिकडच्या नर्सिंग होममध्ये नेणार होता. मी त्याला फोन करून सांगितले की इथे तिचे स्वतःचे दार असेल, आणि समोर मी आहे. त्याने विचारले, "मावशी, नक्की?" मी नक्की म्हणाले. आयव्हीला रोज सकाळी दोन मदतनिसांनी मिळून पंचेचाळीस मिनिटे द्यायची, सगळे अंग धुवायचे, कूस बदलायची आणि मलम लावायचे, असे तिच्या कागदावर ठरले.

आमच्या मजल्यावर सकाळी लीअॅन क्रॅबट्री नावाची मदतनीस असे. वय अंदाजे ३४. ती मला म्यूरियल मावशी म्हणते. ती पावणेआठला माझ्याकडे येई. पाण्यात आधी स्वतःचे कोपर बुडवून बघे. माझ्या बोटांच्या मधली जागा एकेक करून पुसे. केस धुऊन रोलर लावी आणि म्हणे, "काय मावशी, आज कोणाला पटवायला निघालात?" मग माझ्याबरोबर चहा पिऊन पावणेनऊला जाई. मला मंजूर वेळ अर्धा तास आहे हे मला माहीत होते. ती मला जीव लावते म्हणून थांबते, असे मी धरून चालले होते.

ती माझ्याकडून निघाली की १४ नंबरचे दार उघडल्याचा आवाज येई. मी कप विसळून होईतो ते दार पुन्हा लागलेले असे. हे मी जवळजवळ दोन वर्षे ऐकले.

मी रोज अकरा वाजता आयव्हीकडे जाऊन बसे. तिचे केस विंचरलेले असत, तोंड धुतलेले असे, ओठांना थोडी लिपस्टिक असे, आणि डावा हात पांघरुणाच्या वर ठेवलेला असे. खोलीत लव्हेंडर पावडरचा वास असे. पांघरूण गळ्यापर्यंत नीट खोचलेले असे. लीअॅनने मला पहिल्याच महिन्यात सांगितले होते, "पांघरूण काढू नका हं मावशी, त्यांना लाजल्यासारखं होतं." मी कधीही काढले नाही. माझ्या हातांनी ते जमले असते की नाही हा प्रश्न वेगळा आहे. मी प्रयत्न केला नाही.

मी आयव्हीसमोर लीअॅनचे कौतुक करायचे तेव्हा आयव्ही डोळे मिटून घ्यायची. ती थकली असावी असे समजून मी निघून यायचे.

मंगळवार दि. १२ मार्च रोजी सरकारी तपासणीसाठी एक बाई आल्या होत्या. व्यवस्थापक श्रीमती डन्स्टन त्यांना घेऊन आधी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ह्या आमच्या म्यूरियल, ह्या तुम्हाला खरं काय ते सांगतील." मी सांगितले की पोटची मुलगी असती तरी तिने माझे इतके केले नसते. तपासणीच्या बाईंनी ते लिहून घेतले. नंतर आम्ही तिघी १४ नंबरमध्ये गेलो. बाईंनी आयव्हीला वाकून विचारले की इथे तुमची काळजी नीट घेतात का. आयव्हीने डाव्या हाताने त्यांची बाही धरली आणि तोंड उघडले. शब्द आला नाही. मी म्हणाले, "तिला बोलायला त्रास होतो, मी सांगते. तिचंही माझ्यासारखंच छान चाललंय." बाईंनी विचारले, मी थोडा वेळ यांच्यापाशी एकटी बसू का. मी सांगितले की तिला शीण होईल. आयव्हीने बाही सोडली नव्हती. श्रीमती डन्स्टन यांनी ती हसत सोडवली.

बुधवार दि. १७ एप्रिलपासून लीअॅन ईस्टरच्या रजेवर होती. त्या दिवशी बाहेरच्या संस्थेतून अॅड्वोआ बोआटेंग नावाची मदतनीस आली होती. ती मूळची घानाची. सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी तिने माझे दार वाजवले. तिच्या हातात रबरी हातमोजे होते आणि ती हळू बोलत होती. ती म्हणाली, "आई, समोरच्या बाईंचं रोज कोण करतं?" मी लीअॅनचे नाव सांगितले. ती म्हणाली, "या माझ्याबरोबर. साक्षीला कोणीतरी हवं, नाहीतर माझ्यावर येईल."

मी वॉकर घेऊन गेले. अॅड्वोआने आयव्हीला विचारले, मी पांघरूण काढू का, आणि ती मान हलवेपर्यंत थांबली. मग काढले.

आयव्हीच्या माकडहाडावर माझ्या तळहाताएवढी जखम होती. तिच्या तळाशी हाड दिसत होते. टाचा काळ्या पडल्या होत्या. मांड्यांमध्ये कातडी सोलली गेली होती. उजव्या हाताची मूठ झटक्यापासून वळलेली आहे, ती अॅड्वोआने कोमट पाण्यात धरून हळूहळू उघडली. नखे तळव्यात रुतलेली होती. मूठ उघडल्यावर जो वास आला, त्यावरून लव्हेंडर कशासाठी होते ते मला कळले. आयव्ही माझ्याकडे बघत होती. मी त्या वेळी तिला काय बोलले ते मला आठवत नाही.

अॅड्वोआने फोन करून बोलावलेली अॅम्ब्युलन्स ८.५५ ला आली. तोपर्यंत अॅड्वोआने तिचे सगळे अंग पुसले. तिला एकटीला पस्तीस मिनिटे लागली.

आयव्हीला नेल्यावर मी तिच्या कपाटावरची नोंदवही उघडली. रोजच्या रकान्यात एकच मजकूर होता : "सकाळी ८ ते ८.४५. पूर्ण अंग धुतले. मलम लावले. त्वचा चांगली. आनंदात." खाली दोन सह्या, अगदी आदल्या दिवसापर्यंत. एक लीअॅनची. दुसरी ज्या मदतनिसाची होती ती नाताळातच नोकरी सोडून गेली आहे, आम्ही तिला निरोपाचा केक दिला होता. आठ ते पावणेनऊ लीअॅन कुठे असे, हे माझ्याइतके कोणालाच माहीत नाही. ती माझ्या न्हाणीघरात असे.

त्याच दुपारी श्रीमती डन्स्टन वही मागायला आल्या. मी दिली नाही. त्या उभ्यानेच म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती म्यूरियल. तपासणीत तुम्हीच तर सांगितलंत, आयव्हीचं छान चाललंय म्हणून. आमच्याकडे लेखी आहे ते." ही वही मी आज ठाण्यात जमा केली आहे.

मंगळवार दि. २३ एप्रिल रोजी सकाळी पावणेआठला लीअॅन नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. तिला सर्व कळलेले होते. ती पलंगाच्या कडेला बसली. मी तिला विचारले की तू असे का केलेस. ती आधी रडली. मग तिने जे सांगितले ते मी शब्दशः सांगते, कारण मी ते विसरलेले नाही.

ती म्हणाली, "सकाळी मला एकटीला अकरा घरं असतात मावशी. जोडीला माणूस म्हणून कधी दिलंच नाही. डन्स्टनबाई म्हणाल्या, म्यूरियल खूश राहिली पाहिजे, पाहुणे आले की तीच बोलते. म्हणून तुमचा एक तास. तो कुठून यायचा, वाटलं तुम्हाला?"

मी म्हणाले, मला वाटले तुला माझी माया आहे.

ती म्हणाली, "आहे ना. म्हणून तर तुमचं मनापासून केलं. पण तुम्ही बोलता मावशी. त्या बोलत नाहीत."

रजेच्या सहा दिवसांत माझ्याकडे रोज नवीन कोणीतरी येऊन दहा मिनिटांत जात होते. मला नीट आंघोळ झालेली नव्हती आणि अंगाला खाज सुटली होती. लीअॅनने नळ सोडला. मी तिला जा म्हणाले नाही. तिने मला आंघोळ घातली, आणि नेहमीसारखीच नीट घातली. हे मला कोणी विचारलेले नाही, पण जबाबात असावे असे मला वाटते. त्यानंतर मी तिच्या हातून काही करून घेतलेले नाही.

क्लाइव्हला मीच फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही समोर होतात." त्याने मला मावशी म्हटले नाही. नंतर त्याचा फोन आलेला नाही.

आयव्ही सध्या जिल्हा रुग्णालयात आहे. जखमेतून रक्तात विष गेले होते, ते आता आटोक्यात आहे असे डॉक्टर सांगतात. ती हेदरली कोर्टला परत येणार नाही. मी तिला दोनदा भेटले. पहिल्या वेळी तिने तोंड भिंतीकडे केले. काल दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी तिची माफी मागितली आणि पोलिसांत जाते असे सांगितले. तिने बऱ्याच वेळाने डाव्या हाताने मला बस अशी खूण केली. मी बसले. ती मला काही बोलली नाही आणि या वेळी मीही काही बोलले नाही.

हवालदार साहेबांनी मला विचारले की श्रीमती सग्डेन यांच्या वतीने मी आणखी काही सांगू इच्छिते का. नाही. रुग्णालयात अक्षरांचा तक्ता घेऊन तिच्याशी बोलणारी एक बाई आहे. आयव्ही एकेका अक्षरावर बोट ठेवते. तिचा जबाब तिच्याकडूनच घ्यावा. एका वाक्याला दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ तिला द्यावा, आणि तेव्हा मला खोलीत ठेवू नये.

वरील जबाब मी सांगितला तसा हवालदार ओल्ड्रॉइड यांनी लिहून घेतला आणि मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. बोटे वळत नसल्याने सही नीट आलेली नाही, पण ती माझीच आहे. तपासणीच्या दिवसाबाबत मूळ मजकुरात "आयव्हीचे आणि माझे दोघींचे समाधान होते" असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून काढून टाकले आहे. बाकी सर्व बरोबर आहे.

(सही) म्यूरियल हेबलथ्वेट