यादीतलं दीर्घायुष्य

मुलुंडच्या इस्पितळात आयसीयूबाहेरच्या बाकावर वनमाला सकाळपासून बसून होती. आत तिची मुलगी श्वेता होती, बावीस वर्षांची. शेजारी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ दबक्या आवाजात भांडत होते, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"देवेश, गावी फोन करून बाबांसाठी देवाला गाऱ्हाणं घालायला सांग म्हटलं होतं मी."

"गावात गाऱ्हाणं घालणारं राहिलंय कोण, ताई? ॲपवर पूजा बुक केली. मोठं देऊळ आहे, लाइव्ह दिसते."

"आणि देवाकडे मागितलंस काय?"

"लिहायला जागाच नाही गं. यादीतून निवडायचं. नोकरी, लग्न, परदेश, घर, दीर्घायुष्य."

"मग?"

"बाबांना आता घराचं काय करायचंय? दीर्घायुष्य दाबलं."

"अरे, दोन महिने नळ्या लावून तळमळतायत ते! 'सोडव म्हाराजा', एवढंच म्हणायचं होतं!"

"सोडव असं बटणच नाही त्यात."

"मग कॅन्सल कर."

"पूजा सोमवारीच झाली. प्रसादसुद्धा आला कुरियरने."

"सोमवारी? सोमवारीच डॉक्टर म्हणाले होते ना, आजची रात्र काढणार नाहीत?"

"हो."

"आणि आज म्हणतायत, अजून महिनाभर असेच राहतील."

देवेशच्या फोनवर टिंग झालं.

"काय आलंय?"

"इच्छा पूर्ण झाली का, विचारतायत. स्टार द्यायचेत."

वनमाला बाकावरून त्यांच्याकडे सरकली.

"दादा, ते ॲप कुठलं हो? ते दीर्घायुष्यवालं?"